जुने दुखणे आणि स्टिरॉइडचे औषध



आमचा नेहमीचा विषय म्हणजे मजुरीचा दर, हजेरीपट आणि बोनस. वरूडची मंडळी वैशाखातल्या संध्याकाळी घर सोडून या मांडवात येतात ती एखाद्या विद्वानाचे चार शब्द ऐकावयास. तेथे हमालांच्या संघटनेत केस पिकवलेल्या आणि सातवीनंतर शाळेची पायरी न चढलेल्या माणसाने औषधावर बोलावे, हे कोणासही चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. आमच्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीने आम्हांस पुस्तकांपाशी व डॉक्टरांच्या दारी नेऊन बसविले. ती चूक आधी सांगतो. म्हणजे पुढचे बोलणे आम्ही कोणत्या अधिकाराने करीत आहो, हे आपोआप कळेल.

संत्र्याच्या पेट्या चढविणारा आमचा एक जुना सभासद. वय पन्नाशीच्या घरात, गुडघे धरलेले आणि साखरेचा विकार अंगात मुरलेला. शेजारच्या एका गावी कोणी इसम वाताच्या पुड्या देत असे. पुडीवर ना नाव, ना अक्षर. रात्री पुडी घ्यावी आणि सकाळी गुडघा मोकळा व्हावा, असा तिचा गुण. आम्ही हटकले तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, पुडी घेतली का सकाळी पेटी उचलता येते. नाही तं घरीच पडून रा लागते. अन् घरी पडलो तं चूल कशी पेटन?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. दीड वर्ष पुड्या चालल्या. त्याचे गाल गोल झाले, पोट सुटले. "तब्येत बरी सुधारली," असे आम्हीच त्याला हसून म्हटल्याचे आठवते. पुढे पायाची एक लहानशी जखम काही केल्या भरेना आणि कोणीतरी सांगितले की, असल्या पुड्यांत स्टिरॉइड असते. आम्ही संतापलो. चार लोकांत त्याला सुनावले आणि उरलेल्या पुड्या त्याच्या देखत गटारात फेकून दिल्या. मोठे काम केले, असे वाटले.

चौथ्या दिवशी तो ओकू लागला. उभा राहिला की भोवळ येई. रक्तदाब पार खाली गेला. गाडी करून अमरावतीस नेले, तेथे शिरेतून औषध दिल्यावर तो सावध झाला. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी सारी हकीकत ऐकून घेतली आणि शांतपणे म्हटले, "पुडी देणाऱ्याने अर्धी चूक केली होती, ती एकदम बंद करणाऱ्याने उरलेली अर्धी केली." बंधूंनो, मालकाच्या शिव्या आम्ही पुष्कळ पचविल्या आहेत; हे एक वाक्य मात्र अजून पचलेले नाही.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या रोज पहाटेपासून कॉर्टिसॉल नावाचा एक रस रक्तात सोडतात. रक्तदाब टिकविणे, उपाशीपोटी साखर पुरविणे, ताप, जखम अथवा शस्त्रक्रिया अशा संकटात शरीरास उभे धरणे, ही त्याची कामे. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डिफ्लॅझाकॉर्ट ही औषधे त्याच रसाची नक्कल होत. शरीर रोज जेवढा रस बनविते त्याचे बळ प्रेडनिसोलोनच्या सुमारे 5 मिलिग्रॅमइतके भरते. दुखण्यावर दिलेली मात्रा बहुधा याच्या कितीतरी पट असते. डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे सुमारे 40, हे लक्षात ठेवावे. गोळी लहान दिसते म्हणून औषध लहान असते असे नाही. आखाड्यात शरीर फुगविण्यासाठी काही तरुण जी इंजेक्शने घेतात ती दुसऱ्या जातीची स्टिरॉइडे. त्यांचे दोष वेगळे, त्यांचा विचार आज करावयाचा नाही.

या औषधाचा जन्म मोठ्या आनंदाचा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या संस्थेत फिलिप हेंच नावाचे डॉक्टर संधिवाताचे रोगी पाहत. कावीळ झाली किंवा बाई गरोदर राहिली की तिचे सांधे काही काळ मोकळे होतात, हे त्यांच्या नजरेस आले. शरीरातच असा काही रस असावा, असा त्यांनी तर्क केला. सप्टेंबर 1948 मध्ये एका जखडलेल्या स्त्रीस त्यांनी कॉर्टिसोन दिले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. 1950 साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाचे दोषही लौकरच दिसू लागले. सांध्याची सूज उतरे. पण औषध थांबविले की दुखणे परते, आणि चालू ठेवावे तर चेहरा गोल होई, हाडे ठिसूळ होत, मन भ्रमे. थोडक्यात, हे औषध रोग मुळासकट उपटीत नाही. रोगाने शरीरात जो भडका उडविला आहे तो दाबते. भडकाच प्राणघातक असेल तेव्हा त्यासारखे औषध नाही. दम्याचा जबर झटका, मूत्रपिंडाचे काही विकार, संधिवाताचे काही प्रकार, यांत त्याने असंख्य जीव वाचविले आहेत. महारोगात मज्जातंतूंवर सूज येऊन हातपाय लुळे पडण्याची वेळ येते तेव्हा प्रेडनिसोलोननेच ते वाचतात. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी महारोग्यांची सेवा उभी केली, त्या जिल्ह्यातील लोकांस याचे मोल निराळे सांगावयास नको.

मजुरांच्या भाषेत सांगावयाचे तर स्टिरॉइड म्हणजे उचल. उचल वाईट असते असे नाही. लेकराच्या आजारात तीच कामास येते. पण उचल घेणारावर आधीचे कर्ज किती आहे, हे पाहिल्यावाचून दिली तर ती माणसास बुडविते. अंगातले जुने दुखणे हे आधीचे कर्ज होय. ते डॉक्टरांना आधी सांगितलेच पाहिजे. आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. बाकीचा त्याचा खुलासा.

पहिले कर्ज साखरेचे. हे औषध यकृतास साखर बनविण्यास लावते आणि इन्सुलिनचे बळ कमी करते. मधुमेह असलेल्याची साखर त्यामुळे भरभर चढते. ज्याचा मधुमेह दडून बसला आहे त्याचा उघडा पडतो. येथे एक फसगत होते. सकाळी गोळी घेणाऱ्याची साखर बहुधा दुपारनंतर व सायंकाळी वाढते. उपाशीपोटी तपासली तर ती बरी दिसू शकते. तेव्हा दुपारच्या जेवणानंतरचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करावी. मधुमेहाची औषधे त्या काळापुरती वाढवावी लागतात आणि स्टिरॉइड उतरू लागले की तीही उतरवावी लागतात. नाहीतर साखर एकदम खाली जाण्याची भीती.

हे कर्ज किती महाग पडते, हे आपण 2021 साली पाहिले. करोनाच्या दुसऱ्या लाटेची झळ आपल्या अमरावती जिल्ह्यास लौकर लागली. त्या फेब्रुवारीतच येथे पुन्हा टाळेबंदी करावी लागली होती. त्याच्या आदल्या वर्षी, जून 2020 मध्ये, इंग्लंडातील एका मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष जाहीर झाला होता. रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, फार तर 10 दिवस, दिले असता कृत्रिम श्वासावर असलेल्यांतील मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि प्राणवायू लागणाऱ्यांतील सुमारे एकपंचमांशाने कमी झाले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना काहीच लाभ दिसला नाही. निष्कर्षाचे हे दोन्ही भाग सारख्याच तोलाचे होते. गावोगाव पोचला तो पहिला. ताप आला की गोळी, गोळीने ताप उतरला की आणखी गोळी. कोठे मात्रा दुप्पट, कोठे मुदत तिप्पट. साखर कोणी मोजली, कोणी मोजली नाही.

मग काळी बुरशी आली. म्युकरमायकोसिस हे तिचे शास्त्रीय नाव. संत्र्याची बाग असलेल्यांस ती समजाविणे सोपे आहे. झाडावर काळी माशी बसली की पानांवर गोड चिकटा पडतो आणि त्या चिकट्यावर कोळशी धरते. बुरशीचे बी हवेत सदाच असते. गोडवा मिळाला तरच ती माजते. म्युकरची बुरशी जातीने वेगळी, परंतु तिचेही बी माती, शेण, कुजका पाला यांत सर्वत्र असते आणि आपण ते रोज नाकाने घेतो. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी ते तेथेच गारद करतात. करोनाने खंगलेले शरीर, रक्तात चढलेली साखर आणि स्टिरॉइडने हात बांधलेल्या पांढऱ्या पेशी, असे तिहेरी संकट पडले की ती नाकातून गालाच्या पोकळीत, तेथून जबड्यात, डोळ्यात आणि मेंदूत शिरते. रक्तवाहिन्या बुजवून ती मांस मारते. काळे दिसते ते हे मेलेले मांस. मे 2021 मध्ये केंद्र सरकारने हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदवावयास राज्यांना सांगितले. त्यावरचे अँफोटेरिसिन इंजेक्शन मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या शेजारच्या वर्ध्यातही ते तयार होऊ लागले. औषध वर्ध्यात निघाले तरी गेलेला डोळा कोणास परत मिळाला नाही. एका बाजूचा गाल दुखणे वा सुजणे, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलू लागणे, एकाचे दोन दिसणे, यांतले काहीही दिसले तर साखरेच्या व स्टिरॉइडच्या रोग्याने त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.

दुसरे कर्ज क्षयाचे. ज्याला पूर्वी क्षय झाला, ज्याच्या घरात क्षयी आहे किंवा ज्याचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे, त्याने ते प्रथम सांगावे. छातीत निजलेला क्षय या औषधाने जागा होतो, आणि वाईट असे की ताप दाबला गेल्याने तो जागा झाल्याचे लौकर कळत नाही. क्षयाच्या काही प्रकारांत डॉक्टर स्वतःच स्टिरॉइड देतात, पण क्षयाच्या औषधांच्या सोबतीने. रिफाम्पिसिन चालू असेल तर स्टिरॉइडचे बळ घटते. म्हणून दोन्ही औषधे दोन डॉक्टरांची असतील तर दोघांनाही दोन्हींची माहिती द्यावी. रक्तात दडलेली बी प्रकारची काविळीची लागण अशीच उसळू शकते. ओल्या मातीत अनवाणी राबणाऱ्यांच्या कातडीतून एक बारीक जंत शिरतो व वर्षानुवर्षे पोटात मुकाट राहतो; स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेने तो अंगभर पसरल्याची उदाहरणे वैद्यकाच्या पुस्तकांत आहेत. बागेत ओलीत करणाऱ्यांनी आपला धंदा डॉक्टरांना सांगावा तो यासाठी. औषध चालू असता कांजिण्यांच्या रोग्यापासून दूर राहावे आणि कोणतीही लस विचारल्याखेरीज घेऊ नये.

तिसरे कर्ज रक्तदाबाचे व हृदयाचे. हे औषध अंगात मीठ व पाणी धरून ठेवते. दाब चढतो, पायावर सूज येते, अशक्त हृदयावर ओझे पडते. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्तातील पोटॅशियम फार उतरू शकते. लोणचे, पापड, खारे दाणे आवरावे, आठवड्यास दाब मोजावा आणि वजनावर नजर ठेवावी. चार दिवसांत वजन वाढले तर ते बाळसे समजू नये. ते पाणी असते.

चौथे पोटाचे. अंगदुखीच्या साध्या गोळ्या आणि स्टिरॉइड ही जोडगोळी जठरास जखम करते. पूर्वी जठरात व्रण झाला असेल तर रक्तस्राव होऊ शकतो. वाताच्या पुडीत बहुधा ही दोन्ही एकत्र कुटलेली असतात. शौच डांबरासारखे काळे झाले तर थांबू नये. गोळी जेवून, आणि डॉक्टरांनी दुसरे सांगितले नसेल तर सकाळी घ्यावी. रात्री घेतल्याने झोप उडते.

पाचवे हाडांचे व डोळ्यांचे. तीन महिन्यांहून अधिक काळ औषध चालणार असेल तर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांनी, हाडांसाठी काय करावे हे विचारून घ्यावे; साध्या ठेचेने मणका वा खुबा मोडतो. मांडीच्या हाडाचा गोळा रक्तावाचून सुकण्याचा प्रकारही होतो. जांघेत नवे दुखणे लागले तर ते वातावर ढकलू नये. आपल्या विदर्भात सिकल सेलचा रोग पुष्कळ घरांत आहे. त्या रोग्यास खुब्याचा हा धोका मुळातच असतो, शिवाय स्टिरॉइड थांबल्यावर वेदनेचा झटका उसळून येऊ शकतो. तेव्हा सिकल सेलचे कार्ड पुढे केल्यावाचून ही गोळी घेऊ नये. मोतीबिंदू लौकर पिकतो, काचबिंदू वाढतो. डोळा लाल झाला म्हणून दुकानातून आणलेल्या थेंबांतही स्टिरॉइड असू शकते.

सहावे मनाचे. ज्यास पूर्वी वेडाचा, उन्मादाचा वा फार खिन्नतेचा झटका येऊन गेला आहे, त्याच्या घरच्यांनी लाज न धरता ते सांगावे. चार-पाच दिवसांत झोप उडून माणूस अखंड बडबडू लागला तर त्यास बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेऊ नये, दवाखान्यात न्यावे.

गरोदर बाईने आणि दम्याच्या रोग्याने मात्र हे ऐकून भिऊन जाऊ नये. गरोदरपणात आवश्यक असेल तर डॉक्टर विचारपूर्वक हे औषध देतात. ते मनाने थांबविण्यात धोका अधिक. दम्याच्या पंपातील मात्रा गोळीच्या मानाने फार थोडी असते व ती थेट फुप्फुसात जाते. पंप ओढल्यावर चूळ भरून टाकावी, एवढे पाळले म्हणजे बहुतेकांचे भागते. पंपास भिऊन पंप सोडणारा शेवटी गोळीवर येतो, हा उलटा व्यवहार होय.

मलमाचेही दोन शब्द. गजकर्णावर आणि चेहरा गोरा व्हावा म्हणून जी मलमे सर्रास लावतात, त्यांतील पुष्कळांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असते. खाज एका रात्रीत थांबते आणि गजकर्ण खालून पसरत जाते. कातडी पातळ होते. 2018 साली सरकारने अशी 14 स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून न विकण्याच्या यादीत घातली. कायदा झाला, पण हा माल दुकानाच्या फळीवरून विनाचिठ्ठी ग्राहकाच्या हाती जातोच.

आता आमच्या चुकीकडे परत येऊ. बाहेरून रस मिळू लागला की अंगातील ग्रंथी आपले काम थांबवितात. हंगाम संपल्यावर बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी जशी बटण दाबताच पूर्ण कामास लागत नाही, तशाच या ग्रंथी. सुमारे तीन आठवड्यांहून अधिक औषध चालले असेल तर ते एकदम थांबवू नये. डॉक्टरांनी ठरविल्याप्रमाणे पायरी पायरीने उतरवावे. पूर्ववत होण्यास ग्रंथींना कधी कधी अनेक महिने लागतात. त्या काळात जबर ताप, अपघात वा शस्त्रक्रिया ओढवली तर शरीरास जादा रस लागतो व तो अंगात नसतो. म्हणून कोणत्याही डॉक्टराकडे, दात काढावयास गेलात तरी, "आम्ही वर्षाच्या आत स्टिरॉइड घेतले आहे," हे पहिले वाक्य असावे. ओकारीमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता इंजेक्शनासाठी दवाखाना गाठावा. आणि ज्याला पुडीची सवय लागली आहे, त्याने पुडी फेकू नये. ती खिशात घालून डॉक्टरांपुढे ठेवावी. हे आम्हांस त्या दिवशी माहीत असते, तर आमचा माणूस मरणाच्या दारी गेला नसता.

आमच्या संघटनेने आता सभासदाच्या कार्डामागे चार ओळी छापल्या आहेत: कोणते जुने दुखणे, कोणती औषधे, केव्हापासून, आणि स्टिरॉइड घेतले आहे काय. ज्याला लिहिता येत नाही त्याचे कार्ड आम्ही भरून देतो. खर्च काही नाही.

तरीही त्या मित्राचा प्रश्न शिल्लक राहतोच: घरी पडलो तर चूल कशी पेटेल? कारखान्यातील विमेदार कामगारास आजारपणात मजुरीचा काही भाग मिळण्याची सोय 1948 च्या राज्य विमा कायद्याने झाली. संत्रा तोडणारा, पेट्या भरणारा, ओलीत करणारा हा त्या छपराबाहेर राहिला. पुडीवाल्याचा खरा माल औषध हा नसून उद्याची मजुरी हा आहे. ती दुसरीकडून मिळाल्याखेरीज त्याचे दुकान केवळ व्याख्यानांनी उठणार नाही. दुखणाऱ्या गुडघ्यास चार दिवसांची भरपगारी विश्रांती, ही मागणी आम्ही यंदा बागाईतदार व व्यापारी मंडळींपुढे ठेवली आहे. त्यांपैकी पुष्कळजण येथे बसले आहेत. आपल्या झाडावर कोळशी दिसली की आपण त्याच आठवड्यास उपाय करता. माणसाच्या बाबतीतही तेवढीच तत्परता दाखवावी, अशी विनंती करतो.

तो आमचा सभासद आज हयात आहे. पायाची जखम भरली. दोन बोटे मात्र गेली. आता तो पेट्या उचलत नाही, मोजतो. गोळी उतरविण्यास डॉक्टरांना आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत दर पंधरवड्यास त्याच्यासोबत अमरावतीस जाणे, ही शिक्षा आम्ही आमची आम्हांस लावून घेतली होती आणि या विषयाचे आमचे सारे शिक्षण त्या बसच्या बाकावर व दवाखान्याच्या ओसरीवर झाले.